आठ दाते, तेवीस दाते

आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत विजेची मोटर होती. मोटरच्या दांड्यावर वाटीएवढी पुली, जात्याच्या दांड्यावर परातीएवढी आणि दोहोंमध्ये वीतभर रुंद पट्टा. मोटर घाईत फिरायची, जाते त्या मानाने सावकाश. कुणी घाईने पायलीभर ज्वारी एकदम ओतली की जाते अडायचे, पट्टा पुलीवरून किंचाळत घसरायचा आणि गिरणीवाले काका राळेचा खडा घेऊन धावायचे. आम्हां मुलांना पट्टा घसरणे म्हणजे गिरणीतला दोष वाटायचा. काकांचे मत वेगळे होते. ‘‘घसरतो म्हणून बरं आहे रे,’’ ते म्हणायचे, ‘‘नाहीतर मोटर जळाली असती कधीच.’’

हलक्या विमानांच्या इंजिनांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा या पट्ट्याची आठवण पुन्हा पुन्हा येत राहिली. कारण विमानाच्या नाकापाशीही प्रश्न गिरणीचाच असतो. पेट्रोल इंजिनाची शक्ती हा दोन गोष्टींचा गुणाकार: दांड्याला मिळणारा पीळ आणि दर मिनिटाचे फेरे. इंजिन लहान आणि हलके ठेवायचे असेल तर पीळ कमीच मिळणार. मग शक्ती हवी असल्यास ते जोरात पळवावे लागते. पंख्याचे नेमके उलटे. (प्रोपेलरला मी या लेखात पंखाच म्हणणार आहे, वैमानिक मंडळींनी सांभाळून घ्यावे.) पंखा जितका मोठा आणि जितका सावकाश, तितका तो त्याच शक्तीत जास्त हवा मागे ढकलतो. शिवाय त्याच्या टोकांना एक मर्यादा आहे. ६ फूट व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे घेतो तेव्हा त्याचे टोक सेकंदाला सुमारे २५८ मीटर वेगाने जात असते. तोच पंखा ५,८०० फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ५५५ मीटर होईल, आणि ध्वनीचा वेग आहे ३४०. ध्वनीच्या जवळ गेलेले टोक हवा मागे ढकलण्याऐवजी प्रचंड आवाज करण्यातच शक्ती घालवते.

मग मध्ये एक लहान आणि एक मोठे दातेरी चाक घालावे की झाले! हिशेब शाळकरी मुलाला जमेल असा. आणि तरीही, माणूस विमानात बसून उडू लागल्यानंतरच्या पहिल्या ऐंशी-नव्वद वर्षांत बहुतेक हलक्या विमानांनी ही चाके टाळली. पंखा थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर बोल्टांनी आवळला आणि त्यासाठी मोठे, जड, मंद इंजिन पत्करले. इतका सोपा हिशेब इतकी वर्षे का टाळला गेला, हे या लेखाचे कुतूहल आहे.

गंमत म्हणजे सुरुवात टाळण्यापासून झालेली नाही. राइट बंधूंचे १९०३चे पहिले विमानच ‘गिअर’चे होते. ऑर्व्हिल आणि विल्बर हे ओहायोतल्या डेटन गावचे सायकलवाले. त्यांच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने साध्या लेथवर आणि ड्रिल प्रेसवर सहा आठवड्यांत इंजिन घडवले. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता आणि ते सुमारे १२ अश्वशक्तीचे होते. मिनिटाला हजाराच्या थोडे वर फेरे घेणारे हे इंजिन दोन पंखे फिरवत होते. पंखे पायलटच्या मागे, पंखांच्या पाठीशी, साडेआठ फूट व्यासाचे आणि मिनिटाला जेमतेम साडेतीनशे फेऱ्यांचे. इंजिनाच्या बाजूला ८ दात्यांचे चक्र, पंख्याच्या बाजूला २३ दात्यांचे, आणि दोहोंना जोडणारी साखळी. ती इंडियानापोलिसच्या डायमंड चेन कंपनीची होती. सायकलीत पायडलचे मोठे चक्र मागचे लहान चक्र फिरवते. इथे या सायकलवाल्यांनी तोच मामला उलटा करून वापरला. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरावेत म्हणून एक साखळी त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिढा देऊन नेली आणि ती फडफडू नये म्हणून नळ्यांतून ओवली.

हे सगळे का, याचे उत्तर त्यांनी आधीच्या हिवाळ्यात आपसात भांडून मिळवले होते. जहाजांच्या पंख्यांची शास्त्रीय माहिती उसनी घेता येईल असे त्यांना वाटले होते; तशी उपयोगी पडेल अशी माहितीच नव्हती. मग दोघे तासन्‌तास वाद घालत, आणि कधीकधी वादाच्या शेवटी दोघांनीही आपापली बाजू सोडून दुसऱ्याची धरलेली असे. त्यांच्या ध्यानात आले ते असे, की विमानाचा पंखा म्हणजे गोल फिरणारा पंख आहे. (मराठीत हे दोन शब्द आधीच सख्खे भाऊ आहेत, हा आपला योगायोग.) तसे असेल तर पंखा लांब आणि सावकाश असलेला बरा. साडेआठ फुटी पंखा थेट इंजिनाच्या वेगाने फिरवायचा म्हटले असते तर किती शक्ती लागली असती? पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २३ भागिले ८, त्याचा घन: जवळजवळ चोवीस पट. त्यांच्याकडे होते १२ घोडे.

पण १९०३च्या नोव्हेंबरात, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या किल डेव्हिल हिल्सच्या वाळूत त्यांना अडवले ते पंख्याने नाही आणि गुणोत्तरानेही नाही. ५ नोव्हेंबरला इंजिन पहिल्यांदा विमानावर चालवले तेव्हा ते चुकारपणा करत होते. ठिणगी अधूनमधून पडायची नाही, मग पुढचा स्फोट दांड्याला हिसका द्यायचा. या हिसक्यांनी पंख्यांचे पोकळ पोलादी दांडे खराब झाले. ते दुरुस्तीला चार्ली टेलरकडे डेटनला रवाना झाले आणि २० तारखेला परत आले. आता दांडे धड होते, तर चक्रे दांड्यांवर ढिली पडू लागली. कितीही आवळा, काही मिनिटांत पुन्हा ढिली. शेवटी कामाला आले ते सायकलीच्या दुकानातले ज्ञान. टायर रिमला चिकटवायचे आर्न्स्टीन नावाचे एक सिमेंट होते. ते वितळवून त्यांनी दांडे आणि चक्रांच्या आट्यांत ओतले, वर चक्रे घट्ट बसवली आणि तो विषय मिटला. ऑर्व्हिलने नंतर टेलरला लिहिलेल्या पत्रात त्या सिमेंटची भरपूर थट्टामिश्रित तारीफ केली आहे. पण आठवडाभरातच, २८ नोव्हेंबरला, एका दांड्याला तडा सापडला.

माझ्या मते हलक्या विमानाच्या गिअरच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय यानंतरच्या दोन दिवसांतला आहे, आणि उड्डाणाच्या तारखेच्या झगमगाटात तो कुणी फारसा सांगत नाही. साधा माणूस म्हणाला असता, दांडा तुटतो का, मग जाड करा. पहिल्या दुरुस्तीत तेच झाले होते. आता या भावांनी उलटे केले. नळीपेक्षा बारीक, पण भरीव, चिवट पोलादाचे दांडे करायचे ठरवले. त्यामागचे कारण ऑर्व्हिलने दहा वर्षांनी स्वतःच सांगितले. इंजिनाचा जोर एकसारखा लागत असता तर जुन्या नळ्या गरजेच्या कितीतरी पट मजबूत होत्या. पण जोर एकसारखा नव्हता, हिसक्यांनी येत होता, आणि जाड नळीत हिसका गिळण्याइतकी लवच नव्हती. बारीक दांडा थोडा पिळतो आणि पुन्हा सुटतो. ३० नोव्हेंबरला ऑर्व्हिल डेटनला निघाला, ११ डिसेंबरला नवे दांडे घेऊन परतला. १४ला विल्बरचा प्रयत्न फसला. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेला, आणि दुपारच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट.

गिरणीवाल्या काकांना हे लगेच पटले असते.

ही समजूत मात्र पुढे फार काळ टिकली नाही. तिची गरजच उरली नाही. फ्रान्समध्ये लोकांनी साखळ्यांच्या खडखडाटाला नाक मुरडले. ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली ती तीन सिलिंडरच्या अंझानी इंजिनावर थेट पंखा बसवून. त्याच काळात आलेल्या नोम इंजिनात तर क्रँकशाफ्ट स्थिर आणि सगळी सिलिंडरेच पंख्यासकट गरगरत. तिथे मध्ये काही घालायचा प्रश्नच नव्हता. मोठ्या इंजिनांची गोष्ट निराळी. रोल्स-रॉइसचे ‘ईगल’ १९१५पासून दातेरी चाकांच्या मंडळातून पंखा फिरवत होते, आणि १९१९च्या जूनमध्ये ॲल्कॉक आणि ब्राऊन न थांबता अटलांटिक ओलांडून गेले ते अशाच दोन ईगलांच्या भरवशावर. दुसऱ्या महायुद्धातल्या मर्लिनचा पंखाही इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरे. पण ही बारा सिलिंडरांची इंजिने. त्यांत एका स्फोटाची लाट ओसरायच्या आत दुसऱ्याची येते, दांड्याला जोर जवळजवळ सलग मिळतो. शिवाय त्यांच्यामागे सरकारी तिजोरी आणि मेकॅनिकांची फौज होती.

शेतकऱ्याच्या, डॉक्टरच्या, फ्लाइंग क्लबच्या विमानाला यातले काही परवडत नव्हते. १९३०च्या दशकात पिवळ्या पायपर कबमध्ये बसलेले कॉन्टिनेंटलचे ए-६५ हे या वर्गाचे आदर्श इंजिन. ते चार सिलिंडरचे, समोरासमोर झोपलेले, २,३०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ती देणारे, पंखा थेट. पुढे लायकमिंगची आणि कॉन्टिनेंटलची सगळी लोकप्रिय इंजिने याच वाटेने गेली. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतली सेस्ना विमानेही त्यातलीच. मोटारीच्या अभियंत्याला ही इंजिने हास्यास्पद वाटतात. तीन-सव्वातीन लिटरच्या इंजिनातून फक्त १०० अश्वशक्ती! पण थेट जोडणीचा एक मोठा फायदा असतो. धातूचा पंखा हेच इंजिनाचे फ्लायव्हील होते. सिलिंडरचा प्रत्येक हिसका त्या जड पंख्यात जिरतो आणि मध्ये वाजायला, झिजायला काही नसते.

मध्ये दाते आले की नेमके हेच हरवते. चार सिलिंडरच्या इंजिनाला एका फेऱ्यात दोन धक्के मिळतात. धक्क्याला क्रँक पुढे झेपावतो, धक्क्यांच्या मध्ये मंदावतो. पंखा जड असल्याने तो मात्र आपल्याच तंद्रीत फिरत राहतो. म्हणजे एका क्षणी इंजिन पंख्याला ओढते आणि दुसऱ्या क्षणी पंखा इंजिनाला. दात्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीत दाते पुढून-मागून एकमेकांवर आपटू लागतात. त्याहून वाईट म्हणजे या पिळाच्या थरथरीची जर दांड्याच्या स्वतःच्या लयीशी गाठ पडली तर झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्यासारखी ती वाढत जाते. सराफाच्या हातोडीइतका धक्का लोहाराच्या घणासारखा होतो. हे गुणोत्तराच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

आता सेस्ना १७५कडे वळतो. हे प्रकरण मला सगळ्या इतिहासात सर्वांत चटका लावणारे वाटते, कारण त्यात इंजिनाचा दोष सर्वांत कमी आहे.

१९५८ साली सेस्नाने स्कायलार्क, म्हणजे मॉडेल १७५, बाजारात आणले. त्यांचे मॉडेल १७२ तेव्हा दोन वर्षांचे होते आणि उत्तम खपत होते. त्यात कॉन्टिनेंटलचे ओ-३०० इंजिन: सहा सिलिंडर, २,७०० फेऱ्यांना १४५ अश्वशक्ती, पंखा थेट. कॉन्टिनेंटलने याच इंजिनापुढे चार-तीनच्या गुणोत्तराचा गिअर बसवला आणि नाव ठेवले जीओ-३००. इंजिन ३,२००वर पळवायचे, पंखा २,४००ने फिरणार, शक्ती मिळणार १७५. गिअरमुळे पंख्याचा दांडा वर सरकला, म्हणून विमानाच्या नाकावर एक उंचवटा आला. जुने जाणकार आजही त्या उंचवट्यावरून १७५ लांबून ओळखतात. लांब, सावकाश पंख्यामुळे विमान कमी धावपट्टीत उठायचे आणि चढायचेही छान. कागदावर यात वाईट काही नव्हते.

पण हे विमान घेणारा माणूस कोण होता? बहुधा १७२ किंवा तशाच विमानावर शिकलेला. त्याच्या डोळ्याला सवय होती की आडव्या उड्डाणात काटा चोवीसशे-पंचवीसशेवर हवा, कानाला त्या वेगाच्या घरघरीची. १७५चा काटा मात्र इंजिनाचे फेरे दाखवायचा, पंख्याचे नाही. पुस्तिकेनुसार तो तीन हजारांच्या जवळ असायला हवा होता. वैमानिकाला ते इंजिनाची छळवणूक करण्यासारखे वाटे. काटा तिथे नेला की इंजिन किंचाळते आहे असे वाटून त्याचा जीव वरखाली व्हायचा आणि तो मायेने थ्रॉटल मागे ओढून काटा चोवीसशेवर आणायचा. तिथे पंखा फिरायचा १,८००ने. त्या मंद वेगात इंजिन पंख्याला रेटत कष्टायचे, थंडही नीट व्हायचे नाही, आणि दाते आपटण्यासाठी याहून अनुकूल जागा नाही. आपण इंजिन जपतो आहोत, असे समजून माणसे ते मारत होती.

ओ-३००ची नेमून दिलेली आयुर्मर्यादा १,८०० तासांची, जीओ-३००ची १,२००च. ज्यांनी काटा मागे ठेवला त्यांची इंजिने तिथपर्यंतही धड पोचत नसत. गॅरेजांतून, हँगरांतून बोलबाला झाला: गिअरवाले इंजिन म्हणजे भानगड. १९६२मध्ये १७५चे उत्पादन थांबले. दुसऱ्या वर्षी तेच इंजिन १७२च्या नावाखाली ‘पॉवरमॅटिक’ म्हणून विकून पाहिले, ते चालले नाही. एकंदर दोन हजारांच्या आसपास स्कायलार्क निघाली, आणि पुढे त्यांतल्या कित्येकांच्या मालकांनी गिअर काढून थेट जोडणीचे लायकमिंग बसवले. नाकावरचा उंचवटा काहींच्या तसाच राहिला, आत काही नसताना. सरकारदरबारी एक वेगळाच शेवट झाला. १७५ला मिळालेले प्रमाणपत्र रद्द झाले नाही. सेस्नाने पुढे १७२ मालिकेतली जास्त ताकदीची काही मॉडेल, चाके आत घेणारे १७२ आरजीसुद्धा, त्याच प्रमाणपत्राखाली काढली. त्या सर्वांचे पंखे थेट होते.

कॉन्टिनेंटलने काटा पंख्याच्या वेगावर बेतला असता तर? तबकडीवर २,२०० दिसले असते, वैमानिक निर्धास्त राहिला असता. माझा हा तर्क झाला. तबकडीने कान फसत नाहीत, असेही कुणी म्हणेल.

सेस्ना निदान श्रीमंत कंपनी होती. बीडी-५च्या बाबतीत नुकसान सामान्य माणसांचे झाले. कॅन्ससमधल्या जिम बीडीने १९७०च्या सुमारास एक चिमुकले, बंदुकीच्या गोळीसारखे एका माणसाचे विमान जाहीर केले. घरी गॅरेजात जुळवायचा संच, आणि किंमत मध्यमवर्गीयाला झेपेल अशी. इंजिन पायलटच्या पाठीमागे, त्यावरून पट्टा, पट्ट्यावरून लांब दांडा आणि शेपटीशी पंखा. म्हणजे हलके, वेगवान टू-स्ट्रोक इंजिन, वेग कमी करणारा पट्टा आणि लांब दांडा हे सगळे एकाच रांगेत, पिळाच्या थरथरीला जणू पाट मांडून बोलावलेले. पहिले उड्डाण १९७१मध्ये झाले. त्यानंतर वर्षानुवर्षे बीडी आणि त्याचे लोक या दांड्याशी झुंजत राहिले. इंजिने बदलली, त्यातले जर्मन हिर्थ इंजिन बनवणारी कंपनीच बुडाली. ५,०००च्या वर संच विकले गेले, अनेकांना इंजिनाशिवाय मिळाले, आणि त्यांतले काहीशेच कधी उडाले. १९७९मध्ये बीडीची कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे दहा वर्षे विमानांसाठी आगाऊ रक्कम न घेण्याचे बंधन त्याला अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात स्वीकारावे लागले. आपल्याकडच्या प्रेक्षकांनी हे विमान पाहिलेले आहे. १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त, ज्यात कबीर बेदी आणि विजय अमृतराज होते, जेम्स बाँड सुरुवातीलाच एका पिटुकल्या विमानातून निसटतो, ते बीडीचेच. फक्त ते जेट होते. ज्या अवताराने नाव काढले त्याला पंखाही नव्हता आणि दांडाही.

मग गाडी रुळावर आली कशी? आश्चर्य म्हणजे ती कुठल्या मोठ्या विमान कंपनीने आणली नाही. १९७५च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमध्ये जॉन मूडी नावाच्या माणसाने हँगग्लायडरला लहानसे इंजिन जोडले आणि गोठलेल्या तळ्यावर स्वतःच्या पायांनी धावत जाऊन उड्डाण केले. पुढच्या वर्षी त्याने ऑशकॉशच्या मेळाव्यात ते करून दाखवले आणि खूळ पसरले. गो-कार्टची, करवतीची, मिळतील ती इंजिने लोक ग्लायडरांना बांधू लागले. पंखे थेट जोडलेले, म्हणून इवलेसे. आवाज कानठळ्या बसवणारा, रेटा जेमतेम. इथे पुन्हा राइट बंधूंचा हिशेब कामाला आला. सिद्धान्त असा, की त्याच शक्तीत पंख्याचा व्यास दुप्पट केला तर उभ्या जागेवरचा रेटा दीडपटीहून जास्त होतो. क्लीव्हलंडचा हँगग्लायडरवाला चक स्लुसारचिक आणि त्याच्यासारखे इतर हौशी लोक पट्टा आणि पुल्या घेऊन कामाला लागले. लहान पुली इंजिनावर, मोठी पंख्यावर. आमची गिरणीच! आणि पट्ट्याचा ‘दोष’ इथे गुण ठरला. रबरी पट्टा थोडा ताणतो, प्रसंगी घसरतो आणि हिसके दात्यांपर्यंत पोचण्याआधी खाऊन टाकतो. १९८२मध्ये अमेरिकी सरकारने २५४ पौंडांपर्यंतच्या एकआसनी विमानांना परवान्यातून सूट दिली तोवर पट्ट्याची रिडक्शन ही त्या विश्वातली नेहमीची वस्तू झाली होती.

याच गर्दीत ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेनची रोटॅक्स कंपनी शिरली. बर्फावरून पळणाऱ्या स्नोमोबाइलची इंजिने बनवणे हा तिचा धंदा. ती इंजिने हलकी, टू-स्ट्रोक आणि मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांची. हौशी लोकांनी ती विमानांना लावली, तेव्हा कंपनीने त्यांच्यासाठी दातेरी गिअरबॉक्सच काढला. २.५८ गुणोत्तराने साडेसहा हजारांचे अडीच हजार होतात. ५ फुटी पंख्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५१८ मीटरवरून २०१वर उतरतो. पण खरी करामत गुणोत्तरात नव्हती, दात्यांशेजारच्या एका जोडात होती. दोन चकत्या, त्यांच्या तोंडांवर उतरते खाचे, आणि त्यांना एकमेकींवर दाबून धरणाऱ्या बशीसारख्या स्प्रिंगा. हिसका आला की खाचे उतारावरून किंचित चढतात, स्प्रिंगा दबतात आणि हिसका ओसरला की परत बसतात.

मोटारीच्या क्लचप्लेटमध्ये चार-सहा स्प्रिंगा दिसतात, त्या याचसाठी. मोटारीची इंजिने घरी विमानांना लावणाऱ्या अनेकांनी क्लच हा विमानात निरुपयोगी म्हणून काढून टाकला, गिअरबॉक्स थेट क्रँकला आवळला आणि मग दांडे का तुटतात म्हणून डोके धरून बसले. अलीकडच्या डिझेल इंजिनांनाही हा धडा सुटला नाही. मर्सिडीजच्या मोटारीवरून बेतलेल्या थीलर्ट इंजिनात क्लच होता, तरी त्याचा गिअरबॉक्स दर ३०० तासांनी उतरवून तपासणीला पाठवावा लागे.

रोटॅक्सचे ९१२ हे फोर-स्ट्रोक इंजिन १९८९मध्ये प्रमाणित झाले. त्याचा १०० अश्वशक्तीचा अवतार १,३५२ घनसेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या मध्यम मोटारीएवढा. ५,८०० फेरे, २.४३चा गिअर, पंखा २,४००च्या आतबाहेर. तेवढ्याच शक्तीच्या थेट जोडणीच्या इंजिनाच्या निम्म्याहून कमी आकारमान. आज जगातल्या हलक्या दोन-आसनी विमानांत ते सर्वत्र दिसते. भारतातही. बंगळुरूच्या एनएएलने घडवलेल्या, १९९३मध्ये प्रथम उडालेल्या हंसा विमानाच्या ‘हंसा-३’ या रूपात याच कुटुंबातले टर्बोवाले ९१४ होते, आणि एनसीसीच्या हवाई शाखेच्या मुलामुलींसाठी मागवलेल्या पिपिस्ट्रेल विमानांत ९१२ आहे. या विमानांतही काटा इंजिनाचाच असतो. शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगतात की आडव्या उड्डाणात काटा पाच हजारांच्या आसपास पाहून घाबरायचे नाही आणि जमिनीवर उभे असताना तो चौदाशेच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण त्याखाली दाते वाजू लागतात. स्कायलार्कच्या वैमानिकांना हे कुणी इतक्या ठणकावून सांगितले नव्हते.

उड्डाणापूर्वी ९१२चा पंखा हाताने फिरवायची पद्धत आहे. तेल टाकीत परत येते आणि गुडगुड ऐकू येते, मग तेलाची पातळी मोजायची. देखभालीच्या वेळी आणखी एक तपासणी असते. मेकॅनिक पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवतो. पाते काही अंश अगदी मोकळे सरकते, मग अडते, आणि त्यानंतरच आतला क्रँक हलायला लागतो. पहिल्यांदा विमान घेतलेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. त्याला वाटते गिअरबॉक्स ढिला झाला. मेकॅनिक सांगतो की ही मोकळीक कारखान्यातच ठेवलेली आहे, पंधरा किंवा तीस अंशांची, आणि ती कमी-जास्त झाली तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. मग तो पाते पुन्हा एकदा हलवतो, कान लावून ऐकतो आणि वहीत नोंद करतो.